गॅदरिंगचा ग्रुप डान्स: ऑडिशनच्या चिठ्ठीपासून रात्री दहापर्यंत

गॅदरिंगची तारीख नोटीस बोर्डावर लागली की आठवड्याच्या आत कोणाच्या तरी गळ्यात 'डान्स हेड'ची माळ पडते. ती तुमच्या गळ्यात पडली असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. मी कॉलेजात आधी मागच्या रांगेत नाचले, मग हेड झाले, आणि आता दर हिवाळ्यात दोन-तीन कॉलेजांचे ग्रुप बसवते. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. फसलेले बहुतेक नाच स्टेजवर फसलेले नसतात, ते पहिल्या आठवड्यातच फसलेले असतात. गाणं ठरलेलं असतं, मोबाइलवर बघून स्टेपही ठरलेल्या असतात, आणि त्या स्टेपना बसतील अशी माणसं शोधण्यासाठी ऑडिशन घेतलेली असते. हे उलटं करा. आधी जागा बघा, मग माणसं बघा आणि मग त्या माणसांवर नाच बसवा.

ऑडिशनच्या आधी तीन चकरा

पहिली चकर मेजरिंग टेप घेऊन. कार्यक्रम सभागृहात असेल तर तिथे जा. मंडपात असेल तर मांडववाल्याला फोन करून स्टेज किती बाय किती ते विचारा. समजा त्याने ३० बाय २० फूट सांगितलं. दोन्ही बाजूंना विंगेसाठी तीन-तीन फूट सोडा, पुढे स्पीकर आणि लाइटसाठी तीन फूट, मागे पडद्यासाठी दोन. हातात उरलं २४ बाय १५. हात पसरले की माणूस साधारण स्वतःच्या उंचीएवढी रुंदी घेतो, म्हणजे पाच-साडेपाच फूट. २४ फुटांत असे चार जण मोकळे नाचतात, पाचवा आला की कोपरं लागतात. तीन रांगा धरल्या तर बारा जण. कितीही मैत्रिणी रुसल्या तरी हा आकडा बदलत नाही. 'आपला सगळा वर्गच घेऊ या' असं म्हणणाऱ्याला हाच हिशेब कागदावर दाखवा.

दुसरी चकर सांस्कृतिक विभागाच्या सरांकडे किंवा मॅडमकडे, गाणं घेऊन. तोंडी विचारू नका, गाणं ऐकवा आणि शब्द लिहून द्या. एका वर्षी आमचं गाणं कार्यक्रमाच्या चार दिवस आधी 'दुसऱ्या कडव्यात भलतेच शब्द आहेत' म्हणून नाकारलं गेलं. शब्द खरंच तसे होते. आम्ही ते तीन आठवडे ऐकत होतो, पण ताल मोजत ऐकत होतो. याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारून घ्या: कार्यक्रम फक्त कॉलेजचे विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यासाठी आहे की बाहेर तिकिटं विकणार आहेत? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमांतर्गत होणाऱ्या सादरीकरणाला सूट आहे, पण ती प्रेक्षक संस्थेतले, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी थेट संबंधित असे असतील तोवरच. तिकीट लावून गावाला बोलावलं की परवान्याचा प्रश्न येतो. आणि व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर ही सूट तिथे कामाला येत नाही. आवाज बंद झाला तर नवल वाटून घेऊ नका.

तिसरी चकर वेळापत्रकाची. प्रॅक्टिकल कधी, सेमिस्टर कधी, सरावाला कोणती खोली, तिची किल्ली कोणाकडे. शिपाईमामांशी आजच बोला. चार आठवडे तेच तुमचे खरे प्रायोजक असणार आहेत.

ऑडिशन

नोटीस निदान पाच दिवस आधी लावा. तीत नाच कोणत्या प्रकारचा, किती जण घेणार, सराव कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत, हे स्पष्ट लिहा. 'इच्छुकांनी उपस्थित राहावे' एवढंच लिहिलंत तर निम्मे लोक मजा बघायला येतात.

दारात एक फॉर्म ठेवा. नाव, वर्ग, फोन, आणखी कशात भाग घेतलाय (नाटक, गाणं, क्रीडा), गुडघा किंवा घोट्याची जुनी दुखापत, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना: घरी जायची शेवटची एसटी किंवा लोकल किती वाजता. तालुक्याच्या कॉलेजात हा रकाना नाचापेक्षा मोठा असतो. सव्वासहाच्या गाडीने जाणारी मुलगी साडेसहापर्यंतच्या सरावाला रोज निदान पंधरा मिनिटं आधी निघणार आणि नेमकी शेवटची जुळवाजुळव तिची बुडणार. त्यात तिचा दोष काही नाही. अशा तिघीचौघी असतील तर सराव सकाळी ठेवा. एसटी बदलण्यापेक्षा ते सोपं. हॉस्टेलचं दार किती वाजता बंद होतं तेही इथेच लिहून घ्या.

आता प्रत्यक्ष ऑडिशन. प्रत्येकाला त्याचं बसवलेलं गाणं नाचायला लावण्याची पद्धत मी सोडून दिली. त्यात कळतं एवढंच की तो नाच त्याने घरी किती दिवस घासलाय. आपल्याला बघायचं असतं ते हे, की नवीन काही दिलं तर माणूस ते कसं उचलतो आणि शेजारच्याला धरून कसा नाचतो. म्हणून असं करा:

दहा मिनिटं सगळ्यांना मिळून वॉर्मअप द्या. मान, खांदे, कंबर, घोटे, थोडं जागच्या जागी धावणं. मग चार आठ शिकवा, म्हणजे आठ काउंटचे चार तुकडे. पहिला सोपा ठेवा, चालत पुढे येणं आणि टाळी. दुसऱ्यात हात आणि पाय वेगळ्या तालात. तिसऱ्यात अर्धी गिरकी घेऊन मागे तोंड, कारण समोरचा दिसेनासा झाला की कोणाला स्टेप खरंच पाठ आहे ते तत्काळ कळतं. चौथ्यात काही तरी भाव असू द्या: कोणाला तरी हाक मारणं, लटका राग, ओझं उचलणं. शिकवायला वीस मिनिटं, स्वतः घोटायला दहा. या दहा मिनिटांत तुम्ही पाणी प्यायला जाऊ नका. कोपऱ्यात बसून बघा. कोण शेजारणीला न विचारता समजावतंय, कोण आरशासारखं दुसऱ्याच्या मागे लागलंय, कोण मोबाइल काढून बसलंय. माझी निम्मी यादी इथेच तयार होते.

मग चार-चार जणांना बोलवा. छातीला सेफ्टी पिनने नंबर लावलेला असू द्या, नावं लक्षात राहत नाहीत आणि ओळखीची नावं जरा जास्तच लक्षात राहतात. एकदा नाचवा, पुढची रांग मागे घ्या, पुन्हा नाचवा. दुसऱ्या फेरीआधी प्रत्येकाला एकच दुरुस्ती सांगा: 'तुझा डावा हात खांद्याच्या वर जातोय.' पुढच्या फेरीत तो हात खाली आला का एवढंच बघा. ज्याला सांगितलेलं लागू होतं त्याला चार आठवड्यांत कुठेही नेता येतं. जो पहिल्या फेरीत झकास नाचला पण दोनदा सांगूनही हात तिथेच ठेवतो, तो तुमच्या बारा जणांत तेरावं गाणं वाजवत राहणार.

गुण द्यायचे तर पंचवीसपैकी द्या: उचलण्याची गती, ताल, दुरुस्ती ऐकणं, इतरांबरोबर राहणं, चेहरा. प्रत्येकी पाच. चेहरा म्हणजे भाव. रंग, नाक आणि जाडी यांचा त्याच्याशी संबंध नाही. हे लिहायची वेळ येऊ नये, पण 'ती छान नाचते, पण पुढे नको' हे वाक्य मी इतक्या खोल्यांमध्ये ऐकलंय की लिहितेच. उंची फक्त रांग ठरवायला बघा. परीक्षक तीन असावेत: तुम्ही, दुसऱ्या विभागाचा एखादा सीनियर, आणि एक शिक्षक. तिघांनी आपापले गुण न बोलता लिहायचे आणि मग कागद एकत्र करायचे.

बारा घ्या आणि तीन राखीव ठेवा. राखीव म्हणजे कोपऱ्यात बसणारे असा समज होऊ देऊ नका. प्रत्येक राखीव माणसाला चार जागा वाटून द्या, त्या चारही त्याला पाठ पाहिजेत. जानेवारीत ताप, लग्नं आणि पाय मुरगळणं हे ठरलेलं असतं. राखीव माणूस स्टेजवर न गेलेलं वर्ष मला तरी आठवत नाही.

यादी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी एकाच वेळी लावा. आधी व्हॉट्सअॅपवर कानोकानी जाऊ देऊ नका. ज्यांची निवड झाली नाही त्यांच्यातल्या जो विचारायला येईल त्याला त्याचा गुणांचा कागद दाखवा आणि कुठे कमी पडलं ते एका वाक्यात सांगा. काही जणांना लाइट, आवाज, कपडे यांत घ्या, पण त्यांनी मागितलं तरच. 'नाचायला नाही घेतलं, आता आमच्या पिना सांभाळ' हे सांत्वन कोणालाच नको असतं.

ऑडिशन द्यायला जाणाऱ्यांसाठी थोडंसं

केस बांधा, ओढणी घरी ठेवा, रोजचे बूट घाला. नवे बूट फरशीवर घसरतात. शिकवणी चालू असताना दुसऱ्या रांगेत उभं राहा: पहिल्या रांगेत मागचं दिसत नाही आणि शेवटच्या रांगेत काहीच दिसत नाही. आधी पाय पकडा, हात नंतर येतात. स्टेप चुकली तर ताल सोडू नका, पुढचा 'एक' येईपर्यंत पायाने ठेका धरून ठेवा. जीभ बाहेर काढणं, 'शी!' म्हणणं, परीक्षकाकडे बघून हसणं यांनी चूक जाहीर होते, एरवी ती दिसलेलीच नसते.

गाणं वहीत उतरवा

आता नाच बसवायला घ्या, पण उभं राहून नाही, बसून. चौकटीची वही लागते. गाणं लावा, बोटांनी आठ-आठ मोजा आणि प्रत्येक आठसाठी एक ओळ लिहा. वाद्यमेळ, धृवपद, मधलं संगीत, कडवं, पुन्हा धृवपद. गाण्याची गती मिनिटाला १२० ठोके असेल तर एक आठ चार सेकंदांत संपतो. ३ मिनिटं ४० सेकंदांच्या गाण्यात असे ५५ आठ बसतात. गती ९६ असेल तर एक आठ पाच सेकंदांचा आणि एकूण ४४. हा आकडा हातात आला की कामाचा अंदाज येतो. दीड तासाच्या सरावात नवशिका गट सहा ते आठ आठ नीट शिकतो, असा माझा अनुभव. ५५ आठ म्हणजे फक्त शिकवायलाच आठ सराव, त्यावर जागाबदलाला चार आणि घासायला चार. आठवड्यात चार सराव धरले तर चार आठवडे. तुमच्याकडे तीनच असतील तर नाच लहान करा. चार गाण्यांची मेडली करून साडेसहा मिनिटं ओढण्यापेक्षा साडेतीन मिनिटांचा एक नेटका नाच नेहमी बरा. प्रेक्षक चौथ्या मिनिटाला खुर्ची सरकवायला लागतात, हे विंगेतून फार स्पष्ट ऐकू येतं.

सगळीच गाणी आठात चालत नाहीत, इथे पुष्कळ जण अडकतात. कोळीगीतं बहुतेक सहाच्या चालीवर झुलतात, होडीसारखी. त्यांच्यावर आठचे काउंट लादले की तिसऱ्या ओळीला स्टेप आणि सम (तालाचा पहिला ठोका) यांची फारकत होते आणि पोरं म्हणतात 'गाणंच विचित्र आहे'. अशा वेळी 'एक-दोन-तीन, चार-पाच-सहा' मोजा आणि वजन एक आणि चारवर टाका. दादऱ्याच्या सहा मात्रा आणि केहरव्याच्या आठ, एवढा फरक ओळखायला शास्त्रीय संगीत शिकलेलं असायची गरज नाही, टाळी धरून गाणं दोनदा ऐकलं की कळतं.

वही भरली की स्टेप लिहायला सुरुवातीपासून सुरुवात करू नका. आधी शेवट ठरवा: शेवटच्या ठोक्याला कोण कुठे, कोणत्या पोझमध्ये. मग प्रवेश. मग धृवपदाची खूणगाठ स्टेप, जी तीनदा येणार आणि बघणाऱ्याच्या लक्षात राहणार. ती सोपी ठेवा, इतकी की मागच्या बाकावरचे दुसऱ्यांदा आल्यावर बसल्या जागी करतील. उरलेल्या जागा आपोआप भरत जातात.

स्टेप ठरवताना बारा जणांतल्या सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या माणसाकडे बघा. त्याला स्वच्छ जमेल ती स्टेप सगळ्यांना द्या. दोघी अप्रतिम नाचतात ना? त्यांना दोन ठिकाणी चार-चार आठ मोकळे द्या, तेवढ्यात त्या टाळ्या घेऊन जातील. पण त्यांच्या मापाची स्टेप सगळ्यांना दिलीत तर दोघी नाचतील आणि दहा जण धडपडतील.

कॅरमच्या सोंगट्या

फॉर्मेशन ठरवायला मला आजवर कॅरमपेक्षा चांगलं साधन सापडलेलं नाही. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी. मुली पांढऱ्या, मुलं काळी, मुख्य नाचणारी राणी. जमिनीवर खडूने स्टेजचा चौकोन काढा, सोंगट्या मांडा, गाणं लावून सरकवा. कोणती सोंगटी कोणत्या सोंगटीला धडकते ते इथेच कळतं. प्रत्येक मांडणीचा फोटो काढा आणि वहीत त्या आठसमोर तिचा क्रमांक लिहा.

साडेतीन मिनिटांत सात-आठ मांडण्या पुरेत. रांगा, बाण, अर्धचंद्र, दोन गट, तिरकी रेघ. मागच्या रांगेने पुढच्या रांगेच्या खिडकीत उभं राहायचं, म्हणजे दोघांच्या मधल्या फटीत. हे न केल्यामुळे आठ पालक आपलं मूल न बघता घरी जातात. उंचीचाही उपयोग करा. पुढची रांग गुडघ्यावर, मधली कमरेत वाकलेली, मागची उभी, एवढ्याने बारा जणांचे बारा चेहरे दिसतात. एकच स्टेप डावीकडून उजवीकडे दोन-दोन काउंटच्या फरकाने सोडली तर लाट तयार होते. पण एका नाचात एकच लाट. दुसऱ्यांदा ती कवायत वाटते.

मांडणीपेक्षा एका मांडणीतून दुसरीत जाणं अवघड असतं. त्यासाठी कमीत कमी चार काउंट द्या आणि त्या चालण्यालाही स्टेप द्या, नाहीतर नाच थांबतो आणि बाजार सुरू होतो. दोघं समोरासमोर आले तर दोघांनीही आपापल्या डावीकडून जायचं, म्हणजे उजवा खांदा उजव्या खांद्याजवळून जाईल. रस्त्यावरचा नियम हाच ठेवा आणि पहिल्याच दिवशी सांगा. सरावाच्या खोलीत पुढच्या कडेला मध्यभागी शून्य, दोन्हीकडे तीन-तीन फुटांवर एक, दोन, तीन, चार असे आकडे टेपने चिकटवा. 'जरा इकडे सरक'ऐवजी 'तू डाव्या दोनवर' असं सांगता येतं. हेच आकडे नंतर खऱ्या स्टेजच्या कडेलाही चिकटवायचे.

लोकनृत्य घेत असाल तर

गॅदरिंगला एक तरी लावणी, एक कोळी, एक लेझीम असतेच. यातला प्रत्येक प्रकार स्टेजवर आणताना वेगळी अडचण घेऊन येतो.

लावणी मुळात बाई आणि समोर बसलेले रसिक यांच्यातला संवाद आहे. बैठकीची लावणी तर बसूनच, अदाकारीवर चालते. ती बारा जणींनी एकाच वेळी एकाच कोनात डोळा मारत केली की संवाद जाऊन संचलन उरतं. त्यापेक्षा फडाचं चित्र उभं करा: एक किंवा दोघी पुढे, बाकीच्या मागे ठेक्यावर, कोणी टाळी, कोणी पदराची अदा, आणि जागा अदलाबदल करत प्रत्येकीला एखादी ओळ. घुंगरांचं आधी ठरवा. रेकॉर्डिंगमध्ये ढोलकीबरोबर बहुधा घुंगरू आहेतच. त्यावर बारा जोड्या खऱ्या घुंगरांच्या आल्या आणि चार मुली अर्ध्या मात्रेने मागे असल्या तर ते दिसण्याआधी ऐकू येतं. पहिल्या दिवसापासून घुंगरू बांधून सराव करणार असाल तरच ते स्टेजवर बांधा. त्यांच्या वजनाने पोटऱ्या दुखतात, त्याची सवय शेवटच्या दिवशी होत नाही.

लेझीमला बारा जण कमी पडतात, पण तिचं बळ आवाजात आहे. इथे मात्र सगळ्यांचा एकच ठोका पाहिजे. शाळेच्या क्रीडाविभागात लेझमा पडलेल्या असतात, मागून आणा. साखळीच्या चकत्या गंजलेल्या असल्या तर आवाज दबतो आणि बोट कापतं, तेव्हा हातात घेऊन वाजवून निवडा.

तारपा नृत्याचं उदाहरण मी नेहमी देते, कारण त्यात स्टेजचा प्रश्न सगळ्यात उघड आहे. वारली लोक ते मोकळ्या अंगणात, तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्याभोवती गोल धरून नाचतात. कमरेला हात, पाय एकत्र, तोंड वादकाकडे. तिथे प्रेक्षक असा कोणी नसतोच. तेच वर्तुळ एका बाजूने उघड्या स्टेजवर ठेवलं तर लोकांना अर्धा वेळ पाठी दिसणार. वर्तुळ पुढच्या बाजूने उघडून अर्धचंद्र करता येतो, किंवा रांग नागमोडी उलगडत पुढे आणता येते. वादक मात्र मध्यभागी आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच राहू द्या, तो त्या नाचाचा जीव आहे. तुमच्या कॉलेजात त्या भागातून आलेली मुलं असतील तर बसवायला त्यांनाच पुढे करा. कोळशाने तोंडं रंगवून पानांचे झगे घालणारं 'आदिवासी नृत्य' कृपा करून करू नका. ते कोणाचंच नृत्य नाही.

शिकवणं आणि घासणं

शिकवताना आधी काउंटवर, मग तोंडाने गाणं म्हणून, मग रेकॉर्डवर. मोबाइलच्या प्लेअरमध्ये गती कमी करता येते. ७५ टक्क्यांवर दोन दिवस नाचवा. डावं-उजवं म्हणण्याऐवजी 'फळ्याकडे' आणि 'खिडकीकडे' म्हणा, गोंधळ निम्मा होतो. व्हिडिओ पाठवायचा तर पाठीमागून काढलेला पाठवा, म्हणजे बघणाऱ्याचा उजवा तोच तुमचा उजवा. समोरून काढलेल्या व्हिडिओवरून तिघी घरी उलटी स्टेप पाठ करून येतात आणि ती सोडवायला एक अख्खा सराव जातो.

सरावाची जागा बहुतेक वेळा शहाबादी फरशी किंवा गच्चीचा कोबा असते. तिथे उड्या मारून नडगी धरते. उड्या असलेले तुकडे सतरंजीवर किंवा जिममधल्या मॅटवर घ्या, आणि एका सरावात चार-पाचदाच पूर्ण ताकदीने. बाकी वेळा नुसतं टाच उचलून खूण करा. गुडघ्यावर बसायचं असेल तर पहिल्या दिवसापासून गुडघ्याला पॅड किंवा निदान जुनी ओढणी.

दोन आठवड्यांनी सगळ्यांना नाच 'येतो'. खरं काम इथून सुरू होतं, आणि कंटाळाही. गाणं मध्येच थांबवा: 'पाचवर हात कुठे?' बारा जणांचे बारा ठिकाणी असतात. खांद्यापर्यंत की कानापर्यंत, मूठ की उघडा पंजा, नजर हाताकडे की समोर, हे एकेका आठला ठरवत जा. एका दिवशी दहा आठ घासून झाले तर खूप झालं. यासाठी तिघांना तुकडीप्रमुख करा, प्रत्येकाकडे चार जण. तुम्ही स्वतः नाचणार असाल तर हे केल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण आतून नाच दिसत नाही. स्वतः नाचणाऱ्या हेडने आठवड्यातला एक सराव तरी राखीव माणूस आपल्या जागी उभा करून समोर बसून बघावा. पहिल्यांदा बघितलंत की बहुधा तुमच्याच जागेचं काही तरी चुकीचं दिसतं.

गैरहजेरीचा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि सगळ्यांना सारखा लावा. मी तीन सराव धरते. चौथा न सांगता बुडाला की राखीव माणूस आत येतो. हा नियम एकदाच लावावा लागतो.

कपडे

भाड्याच्या दुकानात डिसेंबरात जा. जानेवारीत चांगले जोड गेलेले असतात. डिपॉझिटची पावती घ्या आणि फाटकं-डागाळलेलं तिथेच दाखवून फोटो काढा. नऊवारी शिवलेली घ्या, घाईत बदलायला तीच बरी. पण किमान दोन सराव तिच्यातच करा. कासोटा आला की पावलाची लांबी बदलते. खऱ्या फुलांचे गजरे टाळा, पाकळ्या गळतात आणि पुढची एन्ट्री त्यांच्यावरून घसरते.

रंगीत तालीम आणि तो दिवस

आवाजाची फाइल दोन पेनड्राइव्हवर आणि एका फोनमध्ये ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर कडव्यात कोणाच्या तरी आईचा फोन येतो. व्हॉट्सअॅपवर गाणं पाठवायचं झालं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आवाजाचा दर्जा टिकतो. फाइलचं नाव 'फायनल २ नवीन' असं ठेवू नका. कार्यक्रमातला क्रमांक, नाचाचं नाव, कालावधी लिहा. सुरुवातीला दोन सेकंद शांतता जोडा. आणि पेनड्राइव्ह ज्याच्या हातात द्याल त्याच्याशेजारी तुमचा एक माणूस कार्यक्रम संपेपर्यंत बसवा.

लाइटवाल्याला तोंडी समजावून उपयोग नसतो, त्या रात्री तो तीस नाच करणार असतो. एका पानावर मोठ्या अक्षरांत मिनिट-सेकंद आणि काय हवं ते लिहा: ०:०० अंधार, ०:०४ मागून निळा, ०:२० सगळे, असं. पाच-सहा बदलांपेक्षा जास्त मागू नका. धुराचं मशीन मागणार असाल तर लक्षात ठेवा, त्याने लाकडी फळ्या ओलसर होतात.

स्टेजवर गेल्यावर आधी चाला, नाचू नका. अनवाणी. फळ्यांच्या फटी, वर आलेला खिळा, कार्पेटची दुमडलेली कड हे सगळं पायाला कळतं. चिकटपट्टी खिशात असू द्या. मग आकडे चिकटवा. मग ऐका: प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या मोठ्या स्पीकरचा आवाज स्टेजवर गढूळ येतो, ठोका नीट कळत नाही. नाचणाऱ्यांकडे वळवलेला एक स्पीकर विंगेत मागून घ्या. एवढ्या एका मागणीने ताल जितका सुधारतो तितका आठवडाभराच्या सरावाने सुधारत नाही.

कार्यक्रमपत्रिका करणाऱ्याकडे जाऊन बघा, तुमची कोणती मुलं आधीच्या नाचात आहेत. मध्ये किमान तीन कार्यक्रम नसतील तर नऊवारी अर्धवट नेसून एन्ट्री होईल. निवेदकाला एक फालतू विनोद राखीव ठेवायला सांगा, कपडे बदलताना तोच तारतो. आणि क्रम फार शेवटचा घेऊ नका. मोकळ्या मैदानावर कार्यक्रम असेल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद; शासनाने खास सूट दिलेले मोजके दिवस आणि बंद सभागृहं वगळता. पाहुण्यांची भाषणं लांबली की कात्री शेवटच्या नाचांवर चालते. 'शेवटी धमाका' म्हणून मागून घेतलेला क्रमांक दहाला पाच कमी असताना रद्द झालेला मी बघितलाय. ती मुलं गजरे माळून विंगेत उभी होती.

नाचाआधी दोन तास पोटभर खाऊन घ्या, नंतर केळं आणि पाणी. आपल्या क्रमांकाच्या आधीचा नाच सुरू झाला की विंगेत वॉर्मअप, थोडक्यात. दोन गोष्टी सगळ्यांना एकदा सांगा. गाणं मध्येच बंद पडलं तर थांबायचं नाही. राणी ठेका धरून मोठ्याने काउंट म्हणते, बाकीचे तिच्यावर चालतात, लोक टाळ्यांनी साथ देतात आणि तो भाग पुढे वर्षभर आठवतात. काही पडलं, दागिना किंवा फेटा, तर ज्याच्या पायाजवळ आहे त्याने स्टेपमध्येच बाजूला सारायचं, उचलायला वाकायचं नाही.

'वन्स मोअर' आला तर? मुलं फुलून जातात आणि आवाजवाल्याकडे बघतात. मी पुन्हा नाचू देत नाही. दम गेलेला असतो आणि दुसऱ्या खेपेला हमखास कोणी तरी पडतं. नमस्कार करून डाव्या विंगेतून बाहेर, उजव्यातून पुढचे आत येत असतात.

बाहेर आल्यावर फोटोंचा गोंधळ सुरू होण्याआधी राखीव तिघांना मध्ये घ्या आणि पहिला फोटो पंधरा जणांचा काढा. मग कपडे मोजून गाठोड्यात, दागिने डबीत, स्टेजच्या कडेचे आकडे खरवडून काढा. लेझमा बारा आणल्या होत्या, बारा परत गेल्या पाहिजेत. अकरा भरल्या तर बारावी ग्रीन रूमच्या दारामागे बघा, तिथेच असते.